पाच वर्षांची गोळी : आरोग्यमंत्र्यांना नामपूरहून खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस,



हे पत्र नामपूरहून लिहिते आहे. बागलाण तालुक्यातले, मोसम नदीकाठचे हे गाव आपल्याला कांद्याच्या बाजारामुळे ठाऊक असेल. माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते. स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन, किमो, रेडिएशन उरकलेल्या आणि पाळी गेलेल्या अनेक बायकांना त्यानंतर पाच वर्षे, काहींना सात ते दहा वर्षे, रोज एक गोळी घ्यावी लागते. लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल. बीपीची आणि शुगरची गोळी जशी ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, तशी ही गोळी तिथे मिळावी. आणि ती घेताना सांधे धरले, झोप उडाली, तर ‘काय होतंय?’ असे विचारणारे माणूसही तिथेच असावे.

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि ही गोळी मीही घेते. मला पेन्शन आहे, घरात गाडी आहे, मुलगा नाशिकला नेतो-आणतो. त्यामुळे माझे चालून जाते. माझ्या आजूबाजूला ज्यांचे चालत नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे. अंबासनची, जायखेड्याची, बिजोट्याची बाई मंत्रालयाला पत्र लिहिणार नाही. ती गुपचूप गोळी बंद करेल, आणि घरातल्यांनाही ते दोन-तीन वर्षांनी, कंबर दुखते म्हणून काढलेल्या फोटोत हाडावर डाग दिसला की कळेल.

गोळी दिसायला एवढीशी. सलाईन नाही, सुई नाही, केस जात नाहीत, म्हणून घरात तिला कोणी औषध मानत नाही. ‘आता ट्रीटमेंट संपली, या फक्त गोळ्या’ असेच बोलले जाते. खरे तर ज्यांच्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलेले असते, त्यांच्यासाठी गोळी हा उपचाराचाच मोठा भाग आहे. आमच्याकडे बायकांना वाटते, पाळी गेली की ते सगळे आटोपले. अंडाशयाचे काम थांबते हे खरे, पण इस्ट्रोजेन शरीरात थोडे थोडे बनतच राहते. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून जी संप्रेरके सुटतात, त्यांचे चरबीत, स्नायूंत, खुद्द स्तनाच्या पेशींत इस्ट्रोजेन होते. हे काम करणारे एन्झाइम म्हणजे अरोमाटेझ. ईआर पॉझिटिव्ह गाठ याच इस्ट्रोजेनवर वाढते, आणि ऑपरेशननंतर कुठे चार पेशी लपून राहिल्या असतील तर त्याही त्याच्यावरच जगतात. लेट्रोझोल अडीच मिलिग्रॅम किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल एक मिलिग्रॅम रोज घेतले की ते एन्झाइमच बंद पडते. पाळी चालू असलेल्या बाईला ही गोळी एकटी उपयोगाची नसते, तिथे टॅमॉक्सिफेन देतात किंवा आधी अंडाशय थांबवतात. म्हणून ही प्रामुख्याने आमच्या वयाच्या बायकांची गोळी आहे.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही. १८९५ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने पसरलेला कर्करोग असलेल्या एका तरुण बाईचे अंडाशय काढले आणि गाठी विरघळत गेल्या. तेव्हा इस्ट्रोजेनचा शोधही लागला नव्हता. टॅमॉक्सिफेन मुळात गर्भनिरोधक म्हणून बनवायला घेतले होते. त्या कामात ते फसले आणि कर्करोगात उपयोगी पडले. अरोमाटेझ अडवण्याची कल्पना अँजेला ब्रॉडी नावाच्या शास्त्रज्ञ बाईने अमेरिकेत वर्षानुवर्षे लावून धरली, तेव्हा कुठे आजच्या गोळ्यांची वाट मोकळी झाली. २०१५ साली ३१,९२० बायकांच्या चाचण्यांतली माहिती एकत्र करून पाहिली गेली. पाळी गेलेल्या बायकांनी पाच वर्षे ही गोळी घेतली, तर गोळीच न घेण्याच्या तुलनेत पहिल्या दहा वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतात, असा हिशोब त्यातून निघाला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अ‍ॅनास्ट्रोझोल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. लेट्रोझोल आपल्या राष्ट्रीय यादीतही आहे. म्हणजे ही श्रीमंतांची चैन नाही, हे सरकारी कागदानेच मान्य केले आहे.

पण हा ४० टक्क्यांचा फायदा गोळी पोटात गेली तरच. ती घेणे बायका का सोडतात, याचे उत्तर मंत्रालयातल्या तक्त्यात सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या भागात उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत चालते. थंडी कडक असते. बाई पहाटे उठते ती बोटे घट्ट आवळलेलीच. मूठ मिटत नाही, मिटली तर उघडत नाही. गुडघे, घोटे, मनगटे, सगळे जखडलेले. हा जखडलेपणा सकाळीच सगळ्यांत जास्त असतो, आणि आमच्या घरांत बाईची सगळी हातांची कामेही सकाळचीच: धार काढायची, भाकरी थापायच्या, डबे भरायचे, आणि सात वाजता मुकादमाच्या टोळीत उभे राहायचे. मग दिवसभर वाफ्यात वाकून एक एक रोप चिमटीने खोचायचे. चिमटीच धरवत नसेल तर? टोळी उक्ते घेतलेली असते. एकीचा हात मागे पडला की बाकीच्यांची मजुरी अडते, आणि दुसऱ्या दिवशी तिला कोणी हाक मारत नाही. आमच्या ओळखीची एक मजूर बाई मला म्हणाली होती, ‘‘माय, ती गोयी लिसन मन्हा हातपाय धराई ग्यात. चिकुनगुनियानंतर व्हयनं व्हतं तसंच.’’ महिनाभर तिने गोळी बंद करून पाहिली. हात सैल झाले. मग ती पुन्हा कशाला सुरू करेल? तिच्या अनुभवाने तिला चोख उत्तर दिले होते: गोळी घेतली की दुखते, सोडली की थांबते. कर्करोग काही रोज सकाळी दुखत नव्हता.

तिला अडाणी म्हणण्याआधी अमेरिकेकडे पाहावे. तिथल्या कॅलिफोर्नियातल्या, विमा असलेल्या ८,७६९ बायकांची माहिती २०१० साली प्रसिद्ध झाली. पूर्ण मुदत, सांगितल्याप्रमाणे गोळी घेणाऱ्या होत्या फक्त ४९ टक्के. दारात दवाखाना आणि हातात विमा असून निम्म्याच टिकल्या. इथे नाशिकचा दवाखाना शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे.

सांधेदुखीवर उपाय नाही असेही नाही. एक गोळी सोसत नसेल तर डॉक्टर काही आठवडे थांबवून त्याच गटातली दुसरी देतात. ती अनेकींना चालते. नाहीच चालली तर टॅमॉक्सिफेन आहे, थोडे कमी प्रभावी, पण काहीच न घेण्यापेक्षा कितीतरी बरे. वेदना कमी करणारी औषधे आहेत. व्यायामाचाही पुरावा आहे. सांधे दुखणाऱ्या बायकांना एका अमेरिकन चाचणीत वर्षभर चालण्याचा आणि स्नायू बळकट करण्याचा व्यायाम नेमाने दिला. त्यांची सगळ्यांत तीव्र वेदना २९ टक्क्यांनी उतरली, व्यायाम न केलेल्यांची किंचित वाढली. यावर आपल्याकडे एक वाक्य लगेच येते, की शेतातली बाई दिवसभर राबते, तिला वेगळा व्यायाम कशाला. हे वाक्य मला फार लागते. सहा तास उकिडवे बसून रोपे खोचणे म्हणजे व्यायाम नव्हे, ते सांध्यांचे झिजणे आहे. तिला खांदा उचलायला, मांडीचे स्नायू बळकट करायला, बोटे कोमट पाण्यात हलवायला कोणीतरी शिकवायला हवे. शिकवणारे माणूस कर्करोगतज्ज्ञ असायची गरज नाही.

आणि सांध्यांपलीकडचेही आहे. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते. योनीमार्ग इतका कोरडा होतो की नवऱ्याजवळ जाणे नको वाटते, लघवीला जळजळते. हे आमच्या पिढीतली बाई पुरुष डॉक्टरसमोर उच्चारत नाही, सोबत मुलगा असला तर मुळीच नाही. मुलगाच सोबत असतो. नाशिकच्या ओपीडीत बाहेर रांग लागलेली असताना हे निघेल कधी? गावातल्या नर्सताईंपाशी, आशाताईंपाशी मात्र निघते. मी निघताना ऐकलेले आहे.

औषधाच्या दुकानाचेही सांगते. लेट्रोझोल हीच गोळी मूल होत नसलेल्या तरुण बायकांना अंडे तयार व्हावे म्हणून पाच दिवस देतात. केंद्र सरकारने त्या वापरावर २०११ साली बंदी घातली होती, काही वर्षांनी ती उठली. त्या वापरामुळे छोट्या गावात लेट्रोझोलची ओळख ‘दिवस राहायची गोळी’ अशीच आहे. साठीची बाई चिठ्ठी घेऊन काउंटरवर उभी राहते आणि पोरगा विचारतो, ‘सुनेसाठी का?’ त्याचा हेतू वाईट नसतो. पण गावात आजार लपवून ठेवलेल्या बाईला तिथे एक तर खोटे बोलावे लागते, नाही तर चार गिऱ्हाइकांसमोर खरे सांगावे लागते. काहीजणी मग मालेगावला जातात, म्हणजे एक स्ट्रिप आणायला अर्धा दिवस. काहीजणींनी फोनवर गोळीचे नाव टाकून पाहिले, वंध्यत्वाची माहिती आली, आणि डॉक्टरांनी चुकून भलतीच गोळी दिली असे समजून ती कपाटात ठेवून दिली.

पैशाचे गणितही असेच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने आमच्या भागातल्या कित्येक बायकांचे ऑपरेशन आणि किमो झाले, त्यासाठी मनापासून आभार. जमीन विकावी लागली नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पण योजनेचा लाभ अंगीकृत रुग्णालयाच्या दारातच मिळतो. गोळीसाठी त्या दारापर्यंत जायचे तर पहाटेची एसटी, नाशिकला केसपेपर, रांग, आणि रात्री परत. २०२३ पासून बायकांना एसटीचे अर्धेच तिकीट लागते, पण बुडालेल्या रोजाचे अर्धे कोणी देत नाही, सोबत आलेल्या माणसाचाही रोज बुडतो. म्हणून बाहेरून विकत घेणे आले. ब्रँडप्रमाणे किंमत बदलते. जनऔषधी केंद्रात हीच गोळी कितीतरी स्वस्त आहे, पण चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असते आणि बाईला ते बदलून घेण्याचे धाडस नसते. कांद्याचे भाव पडले की घरात आधी कोणता खर्च थांबतो, हे मी सांगायला नको. घरधन्याची शुगरची गोळी थांबत नाही. हत्ती गेला आणि शेपूट अडकले, अशी ही गत आहे. शासनाने एका बाईवर मोठा खर्च केला, तिने किमोत मरणाची उलटी सोसली, आणि रोजच्या एका गोळीपाशी सगळे सुटून गेले.

मंत्रिमहोदय, गोळी गावात पोहोचवणे आपल्या खात्याला नवे नाही. क्षयरोगाच्या गोळ्या सहा-सहा महिने रोज घ्यायच्या असतात, त्यांनीही मळमळते, त्याही बरे वाटले की माणसे सोडतात. म्हणून तर आपण गावात उपचार-सहायक नेमतो, आशाताईंना त्याचा मोबदला देतो, प्रत्येक रुग्णाची ‘निक्षय’ पोर्टलवर नोंद ठेवतो. एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी जिल्ह्याला यायला लागू नये म्हणून लिंक एआरटी केंद्रे काढली. बीपी-शुगरचे महिन्याचे औषध उपकेंद्रापर्यंत येते. म्हणजे रोजची गोळी वर्षानुवर्षे कशी चालू ठेवायची, हे या देशात सरकारी आरोग्यसेवेलाच सगळ्यांत चांगले ठाऊक आहे. स्तनाच्या कर्करोगाची गोळी त्या वाटेवर अजून कोणी आणून ठेवलेली नाही, इतकेच.

आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा, आजारांची जोखीम विचारणारा सीबॅक फॉर्म भरतात. त्यात बाईला विचारतात: स्तनात गाठ आहे का? बोंडीतून रक्त येते का? आकार बदलला का? फार चांगले प्रश्न आहेत. पण ज्या बाईची गाठ निघाली, ऑपरेशन झाले, ती घरी परत आली, तिला विचारायचा एकही प्रश्न त्या फॉर्मवर नाही. तिची गणना ‘झालेल्या’ रुग्णांत होते. वास्तविक ईआर पॉझिटिव्ह कर्करोगाचा स्वभाव सावकाश उलटण्याचा आहे. पाच वर्षे गोळी पूर्ण केलेल्या ६२,९२३ बायकांचा मागोवा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात विसाव्या वर्षापर्यंत आजार परत येत राहिल्याचे दिसले. म्हणूनच ज्यांच्या काखेतल्या गाठींतही रोग होता, अशांना डॉक्टर गोळी पाच वर्षांपुढे चालू ठेवायला सांगतात. इतक्या लांबच्या आजाराला वर्षातून दोनदा नाशिकला दाखवणे पुरत नाही.

गावपातळीच्या माणसांवर हे सोपवावे का, अशी शंका येईल. मुंबईतच त्याचे उत्तर आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या १,५१,५३८ बायकांवर वीस वर्षे एक अभ्यास केला. निम्म्या बायकांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. मशीन नाही, मॅमोग्राफी नाही. २०२१ साली निष्कर्ष आले. रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांच्या बायका एकत्र धरल्या तर फरक इतका ठाम नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पण पन्नाशीपुढच्या म्हणजे नेमक्या आम्ही, या गोळीच्या वयाच्या. आरोग्यसेविकेच्या बोटांनी गाठ सापडू शकते, तर त्याच सेविकेला ‘गोळी चालू आहे ना? सकाळी मूठ मिटते का?’ एवढे विचारता येणार नाही का?

आता हाडांविषयी. अरोमाटेझ अडवले की हाडे विरळ होण्याचा वेग वाढतो. आमच्याकडे साठीच्या बाईचा खुबा मोडला की ती बहुधा पुन्हा शेतात जात नाही, काही तर अंथरुणातूनच उठत नाहीत. गोळी सुरू करताना आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी हाडांची घनता मोजायला हवी. ते डेक्सा मशीन निदान मालेगावच्या सामान्य रुग्णालयात तरी असावे, नामपुरात असा माझा हट्ट नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मात्र नामपुरातच मिळाले पाहिजे. दर सहा महिन्यांनी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन देतात. हाडे सावरण्याबरोबर पाळी गेलेल्या बायकांत हाडांमध्ये रोग परतण्याचे प्रमाणही ते काहीसे कमी करते. त्याआधी दात तपासावे लागतात, मूत्रपिंडाची रक्ततपासणी लागते. ती ग्रामीण रुग्णालयाच्या आवाक्यातली कामे आहेत.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे काढण्याची घोषणा झाली. स्वागतच आहे. त्यातून सलाईनची किमो जवळ येईल. पण किमो काही महिन्यांची असते आणि ही गोळी पाच वर्षांची. जिल्हा रुग्णालयाच्या पुढे, तालुक्याच्याही पुढे, मोसम खोऱ्यातल्या गावापर्यंत ती पोहोचवण्याचा विचार त्याच वेळी झाला नाही, तर केंद्राच्या उद्घाटनाचा फोटो येईल आणि गोळी कपाटातच राहील.

काम कसे व्हावे तेही मला सुचते तसे लिहिते. निदान करणाऱ्या रुग्णालयाने एकदा चिठ्ठी द्यावी: औषधाचे मूळ नाव, सुरू केल्याची तारीख, किती वर्षे घ्यायची. त्या चिठ्ठीवर ग्रामीण रुग्णालयाने तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. बंद पाकिटात द्याव्यात, हे अधोरेखित करते. कुणाला बदल हवा असेल, वेदना असह्य असतील, तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने ई-संजीवनीवरून तज्ज्ञाशी बोलणे करून द्यावे. ती सोय आज आहेच, फक्त कर्करोगतज्ज्ञ ठरलेल्या वारी त्या टोकाला बसायला हवा. गोळी न्यायला कोणी आली नाही तर आशाताईंनी घरी जावे, आणि त्याचा मोबदला क्षयरोगाप्रमाणेच मिळावा. फुकट काम आशाताईंच्या गळ्यात बांधू नये, त्या आधीच खूप वाहतात. बाजाराच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात तासभर व्यायाम शिकवणारे कोणी आले, तर बायका तशाही गावात आलेल्याच असतात.

२०२२ साली भारतात स्तनाचा कर्करोग सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना झाला आणि सुमारे ९८ हजार बायका त्याने गेल्या, असा जागतिक अंदाज आहे. नामपूर परिसरातल्या किती, हे आपल्या खात्याला माझ्यापेक्षा लवकर काढता येईल. ऑपरेशन आणि किमोचे दावे जन आरोग्य योजनेकडे गावाच्या नावासकट नोंदलेले असतात. त्यांतल्या पन्नाशीपुढच्या बायकांची यादी नामपूरच्या ग्रामीण रुग्णालयाला पाठवा आणि प्रत्येकीच्या घरी एकदा कोणाला तरी पाठवून ती गोळी घेते का, एवढेच विचारा. खरेदीसाठी तरतूद लागेल, ती या यादीवरून ठरवता येईल. यादी काढायला मात्र आपली एक सही पुरे आहे, आणि ती या महिन्यातही होऊ शकते.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
नामपूर, ता. बागलाण, जि. नाशिक